घराचा ताबा घेताना हातात धरायचा फॉर्म

"पुढच्या रविवारी फ्लॅटचा ताबा मिळतोय. तिथे जाऊन नेमकं काय काय बघायचं?" नवं घर घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न कुणाला ना कुणाला विचारतो. उत्तरंही मिळतात. नळ सोडून बघ, टाइल्स वाजवून बघ, ओळखीचा इलेक्ट्रिशियन घेऊन जा. सगळी खरी आहेत. पण प्रत्यक्ष त्या दिवशी साइट इंजिनीअर किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा असतो, आईबाबा सोबत आलेले असतात, कुणी पेढे आणलेले असतात, मुलं रिकाम्या हॉलमध्ये पळत असतात. अर्ध्यापाऊण तासात ताबापत्रावर सही होते. त्या पत्रात बहुतेक वेळा एक ओळ असते, की घर पाहिलं, काम समाधानकारक आहे, तक्रार नाही.

आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी आपण अशी हातात घेतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून त्या दिवशी हातात धरायचा फॉर्म या प्रकरणात आपण तयार करणार आहोत. त्यासाठी गूगल फॉर्म्ससारखं मोफत साधन पुरतं आणि तो तांत्रिक भाग तासाभराचा आहे. खरे कष्ट प्रश्न लिहिण्यात आहेत, त्यामुळे प्रकरणाचा मोठा भाग त्याच कामाला दिला आहे.

१. डोळे असताना यादी कशाला?

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, राइट फील्ड या लष्करी विमानतळावर, बोइंगच्या 'मॉडेल २९९' या चार इंजिनांच्या नव्या विमानाची चाचणी होती. चालवत होते मेजर प्लॉयर हिल, लष्करातले अत्यंत अनुभवी वैमानिक. विमान उडालं, तीव्र चढणीनं वर गेलं, वेग हरवून कोसळलं. हिल यांच्यासह दोघांचा जीव गेला. चौकशीत यंत्राचा बिघाड सापडला नाही. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं त्याचे हलते भाग आपटू नयेत म्हणून एक अटकाव लावलेला असतो, तो उड्डाणाआधी काढायचा राहिला होता. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणापूर्वीची लेखी यादी तयार झाली. तेच विमान पुढे बी-१७ या नावानं दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येनं उडालं.

अलीकडच्या काळात ही गोष्ट सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली ती डॉ. अतुल गावंडे यांनी. ते अमेरिकेतले शल्यविशारद, वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटानं शस्त्रक्रियेच्या खोलीत मोठ्यानं वाचायची १९ कलमांची यादी बनवली. रुग्णाचं नाव विचारलं का, शस्त्रक्रियेच्या जागी खूण केली का, कापसाचे बोळे मोजले का, अशी अगदी साधी कलमं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांमधल्या रुग्णालयांत ती वापरली गेली. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं होतं आणि मृत्यूचं १.५ वरून ०.८ टक्क्यांवर.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि आपल्या कामाचा धडा पुढेच आहे. २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या शंभरावर रुग्णालयांत हीच पद्धत लागू झाली होती, तरी आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. यावर बरीच चर्चा झाली. पुढे आलेलं एक स्पष्टीकरण असं, की कागदावर खुणा झाल्या तरी त्यामागचं काम प्रत्येक वेळी झालंच असेल असं नाही.

खूण करणं आणि तपासणं या दोन क्रिया अशा सुट्या होऊ शकतात. आपला फॉर्म असा हवा, की हातानं काही केल्याशिवाय खूण करताच येऊ नये. या प्रकरणातली बाकीची सगळी चर्चा या एका अपेक्षेतून निघते.

याद्या दोन तऱ्हेच्या असतात. रोज तेच काम करणारा माणूस आधी काम करतो आणि मग यादीशी ताडून बघतो. क्वचित काम करणारा आधी ओळ वाचतो, मग तेवढंच करतो. घराचा ताबा आपण आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो, म्हणून आपली यादी दुसऱ्या तऱ्हेची. त्यातून सोपी व्यवस्था निघते. एकानं फोनवरची ओळ मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं ते करायचं. दोघंही एकाच वेळी भिंतींकडे बघत फिरू लागले, की दहा मिनिटांत गप्पा फर्निचरवर जातात.

२. नोंद का लागते? पाच वर्षांचा हक्क

फॉर्मचं पहिलं काम बघायला लावणं, दुसरं काम नंतर दाखवता येणं. दुसऱ्या कामाच्या मुळाशी कायदा आहे.

स्थावर संपदा कायदा, म्हणजे सगळे ज्याला 'रेरा' म्हणतात तो, २०१६ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी महारेरा करतं. त्याच्या कलम १४(३) मध्ये म्हटलं आहे, की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या सांगाड्यातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष लक्षात आणून दिला, तर विकासकानं तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. केला नाही, तर ग्राहकाला योग्य भरपाईचा हक्क आहे.

म्हणजे ताबा घेतल्यावर सगळं संपतं असं मुळीच नाही. मग त्याच दिवशी इतकी घाई कशाला? कारण काही दोष असे असतात, की ते आधीचे का नंतरचे हे चार महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. ओट्याच्या दगडाचा उडालेला टवका, काचेवरचा ओरखडा, कमोडला गेलेली बारीक चीर. फर्निचरवाल्यांची ये-जा सुरू झाली, की "हे तुमच्या सुताराकडून झालं" असं उत्तर येतं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं. भिंतीतली ओल किंवा बाथरूमची गळती मात्र तुमच्या सुतारानं आणलेली नसते, ती पाच वर्षांत केव्हाही दाखवता येते. त्यामुळे वेळ कमी असेल, तर ताब्याच्या दिवशी ज्याचा दोष तुमच्यावर ढकलता येईल अशा वस्तू आधी तपासाव्यात. मिळणाऱ्या बहुतेक याद्यांमध्ये हा क्रम नसतो.

आणखी एक मुदत लक्षात असू द्या. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बोलण्यात ज्याला 'ओसी' म्हणतात ते, मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ग्राहकानं ताबा घ्यावा असं याच कायद्याचं कलम १९(१०) सांगतं. तेव्हा "दोष काढा, मगच बघू" म्हणत ताबा बेमुदत लांबवण्यापेक्षा दोषांची यादी जोडून ताबा घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. सांगाड्याबद्दल गंभीर शंका असेल, तर सही करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि वकील दोघांशी बोला.

३. चांगला प्रश्न हाताला काम देतो

'बाथरूम ठीक आहे का?' हा प्रश्न जवळपास प्रत्येक तयार फॉर्ममध्ये सापडतो. त्याला दारातूनच 'हो' म्हणता येतं. आता हा बघा: 'बाथरूमच्या दारापाशी अर्धी बादली पाणी ओता. पाच मिनिटांनी जाळीपासून दूर कुठे पाणी साचलेलं आहे का?' याचं उत्तर बादलीशिवाय देता येत नाही.

किराण्याच्या यादीत आपण नुसतं 'डाळ' लिहीत नाही, 'तूरडाळ, दोन किलो, बिनपॉलिशची' असं लिहितो. यादी कोणाच्याही हाती दिली तरी घरी तीच वस्तू यायला हवी. फॉर्मच्या प्रश्नाची कसोटीही तीच. दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता, एकाच खोलीत तो भरला, तर उत्तर एकच यायला हवं. 'रंगकाम चांगलं आहे का?' यावर बाबांचं आणि मुलाचं मत वेगळं पडेल. 'टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. उंचवटे किंवा पॅचच्या सावल्या दिसतात का?' यावर वाद होणार नाही.

मी प्रश्न लिहितो तेव्हा त्यात जागा, कृती आणि बघायची खूण, तिन्ही आहेत का ते तपासतो. आणि 'व' किंवा 'आणि' दिसला, की प्रश्न तोडतो. 'खिडकी सहज सरकते, बंद होते आणि कडी लागते का?' यात तीन प्रश्न आहेत. कडी लागत नसेल पण खिडकी सरकत असेल, तर माणूस काय निवडणार? बहुतेक जण 'हो' निवडतात आणि कडी राहून जाते.

उत्तरांसाठी 'हो-नाही' पुरत नाही. चार पर्याय ठेवा: बरोबर, दोष आहे, तपासता आलं नाही, लागू नाही. यातला तिसरा फार मोलाचा. ताब्याच्या दिवशी कधी टाकीत पाणी नसतं, कधी विजेचा मीटर बसलेला नसतो. पर्याय नसेल तर घाईत 'बरोबर'वर बोट पडतं आणि न तपासलेल्या वस्तूला आपणच प्रमाणपत्र देतो. 'तपासता आलं नाही' हे लेखी राहिलं, तर त्या गोष्टींसाठी पुन्हा यायची तारीख मागता येते.

४. घरभर फिरू या

सुरुवात पाण्यापासून. पाण्याला वेळ लागतो, म्हणून घरात शिरल्या शिरल्या स्वयंपाकघरातलं सिंक बूच लावून काठोकाठ भरायला घ्या आणि बाथरूमच्या फरशीवर पाणी ओता. बाकीचं घर बघून परत या. सिंकचं बूच काढा आणि खालच्या पाइपाच्या प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदावर दिसतो. मग एकाच वेळी बाथरूमचा शॉवर आणि स्वयंपाकघरातला नळ सोडा आणि बघा, एकाची धार दुसऱ्यामुळे अगदी बारीक होते का.

बाथरूममध्ये वास येत असेल तर लगेच दोष लिहू नका. नहाणी ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी साचून राहतं आणि तेच ड्रेनेजचा वास अडवतं. बंद घरात ते वाळून जातं. तांब्याभर पाणी ओता आणि काही वेळानं पुन्हा हुंगा. वास तसाच राहिला तर नोंद करा.

गळतीबद्दल एक गोष्ट लोक नेहमी विसरतात. तुमच्या बाथरूमची गळती तुमच्या घरात सहसा दिसत नाही, खालच्या घराच्या छताला दिसते. तुमच्या छताला दिसते ती वरच्या घराची. म्हणून फॉर्ममध्ये दोन वेगळे प्रश्न हवेत. एक, आपल्या बाथरूमच्या छताकडे टॉर्च मारून डाग शोधायचा. दुसरा, पाणी ओतल्यानंतर खालच्या मजल्यावर जाऊन त्याच जागी बघायचा. खालचं घर अजून बिल्डरच्या ताब्यात असेल तर इंजिनीअरला किल्ली मागा. काही तासांच्या पाण्यानं सगळीच गळती उघडी पडत नाही, त्यामुळे टाइल्स बसवण्याआधी पाणी साठवून वॉटरप्रूफिंगची चाचणी केली होती का, हेही विचारा आणि उत्तर फॉर्ममध्ये लिहा.

सरकत्या खिडक्यांसाठी सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: 'खालच्या पट्टीत मगभर पाणी ओता. ते बाहेर वाहून जातं का?' पट्टीला पाणी बाहेर जायला भोकं असतात. ती सिमेंटनं किंवा सिलिकॉननं बुजली असतील, तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत येतं. कोकणात, मुंबई-ठाण्यात आणि गोव्यात हा एक प्रश्न सगळ्या रंगकामापेक्षा महत्त्वाचा आहे.

दारं अर्धी उघडून सोडून द्या. दार आपोआप बंद होत असेल किंवा पूर्ण उघडत असेल, तर चौकट ओळंब्यात नाही. मुख्य दाराचं कुलूप आतून आणि बाहेरून वेगवेगळं लावून बघा.

टाइल्स नाण्यानं किंवा लाकडी काठीनं वाजवा. खाली मसाला नीट भरला नसेल तर आवाज पोकळ येतो. प्रत्येक टाइलचे चारही कोपरे आणि मध्य वाजवणं आदर्श, पण एवढा धीर कुणाला राहत नाही. निदान दाराजवळच्या आणि जिथे कपाट किंवा फ्रीज यायचा आहे तिथल्या टाइल्स सोडू नका. पोकळ टाइल मोठ्या वजनाखाली तडकते. पोकळ निघालेल्या टाइलवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, म्हणजे फोटोत ती ओळखता येते.

भिंतींवरच्या भेगांची फार भीती असते. गिलाव्यात केसासारख्या बारीक रेषा नव्या बांधकामात सर्रास दिसतात आणि त्या बहुधा पृष्ठभागापुरत्याच असतात. बीम किंवा कॉलमवरची भेग, कोपऱ्यातून तिरपी गेलेली रुंद भेग, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसणारी भेग मात्र इंजिनीअरला दाखवायची. फॉर्ममध्ये 'भेग आहे का?' विचारण्याऐवजी 'भेग कुठे सुरू होते, कुठे संपते, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो' असं मागा. सहा महिन्यांनी ती वाढली का, हे तेव्हाच कळेल.

विजेच्या बाबतीत स्वतः बोर्ड उघडू नका. दोन गोष्टी मात्र कोणालाही करता येतात. फोनचा चार्जर घेऊन प्रत्येक प्लग पॉइंटला लावणं ही पहिली. मुख्य बोर्डावर 'टी' लिहिलेलं बटण असलेला एक मोठा स्विच असतो, तो दाबून बघणं ही दुसरी. बाजारात त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. वीज भलत्या वाटेनं, उदाहरणार्थ माणसाच्या शरीरातून, जाऊ लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. 'टी' दाबल्यावर त्यानं खाली पडायलाच हवं. न पडला तर तो बदलेपर्यंत राहायला जाऊ नका, हे मी आग्रहानं सांगतो. अर्थिंगची तपासणी या बटणानं होत नाही, त्यासाठी इलेक्ट्रिशियनच हवा.

५. मोजपट्टी: एक हिशेब

करारात लिहिलेलं क्षेत्रफळ खरंच मिळालं का, हे मोजायला अर्धा तास लागतो. रेराच्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंतींची जागा धरतात. बाहेरच्या भिंती, सेवांचे डक्ट, तुमच्या एकट्याच्या वापराची बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत.

समजा, करारात ५४.५० चौरस मीटर आहे. मोजल्यावर हॉल ५.०० गुणिले ३.२० म्हणजे १६.००, स्वयंपाकघर ३.०० गुणिले २.४० म्हणजे ७.२०, एक बेडरूम ३.६० गुणिले ३.०० म्हणजे १०.८०, दुसरी ३.३० गुणिले ३.०० म्हणजे ९.९० भरली. दोन्ही बाथरूम मिळून ५.४० आणि पॅसेज ३.२०. बेरीज ५२.५०. आतल्या भिंतींची एकूण लांबी १८ मीटर आणि जाडी १० सेंटीमीटर, म्हणजे आणखी १.८०. एकूण ५४.३०. फरक ०.२० चौरस मीटर, म्हणजे साधारण सव्वादोन चौरस फूट. महारेराच्या नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतच्या फरकाची तरतूद असते, इथे ती १.६ चौरस मीटरच्या वर जाते, आणि क्षेत्र कमी भरलं तर जास्तीचे पैसे परत करण्याचंही कलम असतं. आपल्या करारात काय लिहिलंय ते वाचून ठेवा. फॉर्ममध्ये लांबी आणि रुंदी वेगळ्या विचारा, गुणाकार विचारू नका. रिकाम्या घरात उभ्यानं केलेले गुणाकार चुकतात.

६. फॉर्म एक नको, दोन हवेत

आता गूगल फॉर्म्स उघडू. इथे बहुतेक जण एकच लांबलचक फॉर्म बनवतात. प्रत्येक प्रश्नाखाली शेरा, प्रत्येक शेऱ्याखाली फोटो. भरताना तो संपता संपत नाही, आणि भरून झाल्यावर खरी अडचण कळते. उत्तरं ज्या तक्त्यात जमा होतात, तिथे एकदा भरलेला फॉर्म म्हणजे एक आडवी ओळ. शंभर प्रश्नांची शंभर रकान्यांची ओळ. त्यातले अकरा दोष बिल्डरला कसे दाखवणार?

म्हणून काम दोन फॉर्ममध्ये वाटून घ्या. पहिला फेरीचा. त्यात प्रत्येक खोलीचा एक विभाग, वर लिहिल्यासारखे कृतीचे प्रश्न आणि प्रत्येकाला तेच चार पर्याय. सगळे प्रश्न सक्तीचे करा, म्हणजे एकही ओलांडून पुढे जाता येणार नाही. फोटो इथे मागू नका. हा फॉर्म घरासाठी एकदाच भरायचा.

दुसरा दोषाचा. तो अगदी आखूड ठेवा: कोणती खोली, हे यादीतून निवडायचं, कोणती वस्तू किंवा भाग, दोष एका वाक्यात, फोटो, आणि राहायला जाण्याआधी दुरुस्ती हवी की नंतर चालेल. दोष दिसला की हा भरायचा. अकरा दोष, अकरा वेळा. मग तक्त्यात एका दोषाची एक ओळ होते, शेजारी तारीख आणि वेळ आपोआप पडते, आणि तोच तक्ता तक्रारीची यादी म्हणून पाठवता येतो. प्रत्येक वेळी फ्लॅट क्रमांक आणि नाव लिहायचा कंटाळा येईल, त्यासाठी काही उत्तरं आधीच भरलेली लिंक काढायची सोय फॉर्म्समध्ये आहे. दोन माणसं, दोन फोन. एक फेरीचा फॉर्म वाचतो, दुसरा कृती करतो आणि दोष नोंदवतो.

फोटो चढवण्याचा प्रश्न ठेवला, तर भरणाऱ्यानं गूगल खात्यात साइन इन केलेलं असावं लागतं. फोटो फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जातात, तेव्हा तिथे जागा आहे का ते बघा. एका प्रश्नाला जास्तीत जास्त १० फाइल्स ठेवता येतात.

आदल्या रात्री हा फॉर्म स्वतःच्या सध्याच्या घरातल्या एका खोलीत भरून बघाच. अडखळणारे प्रश्न पंधरा मिनिटांत सापडतात.

नव्या इमारतीत मोबाइलची रेंज अनेकदा धड नसते आणि गूगल फॉर्म्सना इंटरनेट लागतं. प्रश्नांची एक छापील प्रत सोबत ठेवा. सोसायटीच्या समितीला साठ-सत्तर फ्लॅट किंवा सगळ्या सामायिक जागा तपासायच्या असतील, तर कोबोटूलबॉक्स बघावं. मदतकार्यातल्या सर्वेक्षणांसाठी घडलेलं ते साधन आहे. त्याच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये रेंज नसतानाही फॉर्म भरता येतो आणि रेंज आली की माहिती वर जाते.

तक्त्याची लिंक देताना 'लिंक असलेला कोणीही बदल करू शकेल' हा पर्याय निवडू नका. बिल्डरला फक्त बघण्याची परवानगी पुरे.

७. फोटो कसे घ्यावेत

प्रत्येक दोषाचे दोन फोटो. एक लांबून, ज्यात खोली ओळखू येईल, आणि एक जवळून. नुसत्या जवळच्या फोटोत भेग दिसते, पण ती कोणत्या भिंतीवरची हे महिन्यानं तुम्हालाही सांगता येत नाही.

मूळ फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला, की तो लहान होतो आणि त्यात दडलेली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. प्रकरण तक्रारीपर्यंत गेलं, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. आधी ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. ते प्रमाणपत्र देताना मूळ फोन आणि मूळ फाइल तुमच्याकडे असणं सोयीचं पडतं.

८. सही, आणि सहीनंतर

फेरी संपली, की दोषांचा तक्ता पीडीएफ करून त्याच दिवशी ईमेलनं बिल्डरला पाठवा आणि छापील प्रतीवर पोच घ्या. ताबापत्रावर सही करताना 'सोबत जोडलेल्या दोषयादीच्या अधीन राहून' असं हातानं लिहा आणि तारीख घाला. कोणी म्हणेल, "साहेब, तसं लिहायची पद्धत नाही." शांतपणे लिहा. सही तुमची आहे.

मग तक्त्यात हातानं आणखी रकाने घाला: कळवल्याची तारीख, ३० दिवसांची मुदत, 'दुरुस्त केलं असं कळवलं' आणि 'आम्ही पुन्हा तपासलं'. १२ जूनला कळवलं असेल तर मुदत १२ जुलैला भरते. शेवटचे दोन रकाने एकत्र करू नका. पहिला बिल्डरच्या शब्दावर भरायचा, दुसरा फक्त तुम्ही, मूळ प्रश्नातली कृती पुन्हा करून. बाथरूमचा उतार दुरुस्त केला असं कळलं, तर परत अर्धी बादली ओतायची.

९. भाड्याच्या घरासाठी हाच फॉर्म

भाड्यानं घर घेणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: "सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापतात, ते कसं टाळायचं?" इथे वॉटरप्रूफिंगचे बरेचसे प्रश्न गाळा आणि वस्तूंची यादी वाढवा. पंखे किती, गीझर चालू आहे का, गाद्यांवर डाग, कपाटाच्या किल्ल्या किती, विजेच्या मीटरचा आकडा फोटोसह. तोच फॉर्म घरात शिरताना आणि सोडताना, दोन्ही वेळा, घरमालक किंवा एजंट समोर असताना भरा. प्रश्न आणि त्यांचा क्रम एकच असला, की दोन ओळी एकाखाली एक ठेवून फरक सरळ दिसतो, आणि वाद उरतो तो फक्त फरकापुरता. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. त्या करारात घरातल्या वस्तूंची यादी जोडतात. फॉर्मवरून काढलेली यादीच तिथे जोडली, तर दोघांचंही भलं.

१०. पहिल्या पावसाची फेरी

उन्हाळ्यात ताबा घेतलेल्या घराचे काही प्रश्न जुलैपर्यंत विचारताच येत नाहीत. त्यांच्यासाठी फेरीच्या फॉर्मची प्रत काढा आणि त्यात मोजके प्रश्न ठेवा: सलग दोन दिवस जोराचा पाऊस झाल्यावर प्रत्येक खिडकीच्या खालच्या भिंतीला तळहात लावून बघा, ओलसर लागते का, बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला रंगाचे पोपडे किंवा पांढरा लोणा दिसतो का, बाल्कनीचं पाणी घराकडे येतं का, वरच्या मजल्याच्या घरात गच्चीखालच्या छताला डाग आहे का, पार्किंगमध्ये तुमच्या जागेवर पाणी साचतं का. दोष निघाला तर तोच दोषाचा फॉर्म उघडायचा. पाच वर्षांचा हक्क चालूच असतो, त्यामुळे ही फेरी पाचही पावसाळ्यांत करा, आणि पाचव्या वर्षीची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी सगळा फेरीचा फॉर्म पुन्हा एकदा भरा. त्याची तारीख ताबा मिळाला त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.